बत्तीस तारांची टोपी

सांताक्रूझ स्टेशनच्या पूर्वेकडून कुर्ल्याला जाणारी बस कलिन्यात विद्यापीठाच्या फाटकाशी आली की निम्मी रिकामी होते. त्याच भागात, हंस भुग्रा मार्गावर, राज्य सरकारची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. एवढं लांबलचक नाव पोलिसांच्या तोंडी कधी येत नाही. 'कलिन्याला पाठवलंय' एवढंच ते म्हणतात आणि ऐकणाऱ्याला कळतं. व्हिसेरा कलिन्याला जातो, रक्ताचे डाग पडलेला शर्ट जातो, चाकू, काडतुसं, बाटलीच्या तळाशी उरलेला घोटभर द्रव, सगळं सीलबंद होऊन तिकडे जातं. मग 'सीए रिपोर्ट यायचाय' या एका वाक्यावर खटल्यांच्या तारखांवर तारखा पडत राहतात.

२००६ च्या अखेरीपासून काही वर्षं मात्र कलिन्याला माणसंही जात होती. जिवंत, धडधाकट, तोंडानं बोलू शकणारी. आणि तिथल्या एका खोलीत त्यांनी बोलायचीच गरज नव्हती.

खोलीत एक खुर्ची. आरोपीला तीत बसवायचं, डोक्यावर टोपी चढवायची. टोपीला बत्तीस इलेक्ट्रोड, त्यातून निघालेल्या तारा यंत्राकडे. डोळे मिटून बसायचं. मग एकेक वाक्य ऐकू येतं. काही वाक्यं निरुपद्रवी, आकाश निळं असतं अशा धर्तीची. काही मात्र गुन्ह्याची, आणि ती सगळी प्रथमपुरुषी: मी अमुक दुकानात गेले, मी तमुक विकत घेतलं, मी त्याला भेटले. उत्तर द्यायचं नाही, मान हलवायची नाही, हो-नाही काहीच नाही. मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद होत राहते आणि शेवटी संगणक सांगतो, यातल्या कुठल्या वाक्यांचा या व्यक्तीला 'अनुभव' आहे. नुसती ऐकीव माहिती नव्हे, प्रत्यक्ष केल्याचा अनुभव. निदान दावा तरी तसा होता. वर्तमानपत्रं या प्रकाराला सरसकट 'ब्रेन मॅपिंग' म्हणत. प्रयोगशाळेचं नाव जास्त भारदस्त होतं: ब्रेन इलेक्ट्रिकल ऑसिलेशन सिग्नेचर.

या यंत्राच्या पोटात जे आहे ते उपनगरातल्या कितीतरी आईबापांनी पाहिलेलं आहे. काही वर्षांपूर्वी बहिणीच्या मुलाला फिट येऊन गेली, तेव्हा त्याला घेऊन आम्ही घाटकोपरच्या एका क्लिनिकमध्ये ईईजीसाठी गेलो होतो. रात्री उशिरापर्यंत जागवून आणा, असं सांगितलेलं, त्यामुळे पोर रिक्षातच पेंगत होतं. टेक्निशियन मुलीनं त्याच्या केसांतून बोट फिरवलं आणि बहिणीला विचारलं, "ताई, तेल लावलंय का?" लावलेलं होतं. मग ते कापसानं खसाखसा पुसून काढणं, पांढऱ्या पेस्टचे ठिपके, त्यात रुतवलेल्या रंगीत तारा. "डोळे मीट राजा. आता उघड. आता जोरजोरात श्वास घे, फुगा फुगवतोस ना, तसा." पडद्यावर ओळीनं लहरी धावत होत्या. त्यातून डॉक्टरांना कळतं ते इतकंच, की वीज नीट वाहते आहे की कुठे एकदम उसळते आहे. पोराच्या मनात शाळेचा कंटाळा आहे की आईसक्रीम, हे त्यात कुठेही उमटत नाही. त्याआधी काउंटरवर एक कागद पुढे आला होता, तळाशी पेन्सिलीनं फुलीची खूण केलेला. "इथे सही." बहिणीनं केली. कागद तिनं वाचला नाही. मीही नाही. संमती या शब्दाशी आपला परिचय असा, काउंटरवरचा.

जर्मनीतल्या येना गावी हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञानं १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतली वीज पहिल्यांदा कागदावर उतरवली आणि १९२९ मध्ये ती जगापुढे मांडली. पुढे १९६५ मध्ये अमेरिकेत सॅम्युअल सटन आणि सहकाऱ्यांना दिसलं, की लक्ष वेधून घेणारी गोष्ट समोर आली की साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक लहर उठते. तिला नाव पडलं पी-३००. ओळखीचा चेहरा, ओळखीची वस्तू दिसली तरी ती उठते. मग लॉरेन्स फारवेल यांच्या डोक्यात आलं, की गुन्ह्याची जागा पाहून आरोपीच्या मेंदूत ही लहर उठली तर तो तिथे गेला होता असं म्हणता येईल. त्यांनी त्याला 'ब्रेन फिंगरप्रिंटिंग' असं नाव दिलं. बोटांच्या ठशांची पुण्याई नावातूनच उसनी घेतली. आपल्याकडे बेंगळुरूच्या 'निम्हान्स'मध्ये क्लिनिकल मानसशास्त्र विभागाचे प्रमुख राहिलेले चंपाडी रामन मुकुंदन एक पाऊल पुढे गेले. ओळख आणि अनुभव यांतला फरकही लहरींमध्ये दिसतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांची पद्धत गांधीनगरला आणि मग कलिन्याला आली.

पण यंत्र आलं म्हणून कुणी ते वापरत नाही, गरज असावी लागते. ती गरज समजून घेतल्याशिवाय ही गोष्ट कळणार नाही. आपल्याकडे तपास म्हणजे प्रामुख्यानं कबुली. घटनास्थळ जपायचं, नमुने वेळेत उचलायचे, साखळी न तोडता प्रयोगशाळेत पोचवायचे, हे कष्टाचं आणि वेळखाऊ काम. त्यापेक्षा माणसाच्या पोटातलं ओठावर आणणं सोपं, आणि त्यासाठी ठाण्यात पट्टा असतोच. पट्ट्याची अडचण अशी, की त्याचे वळ दिसतात. शिवाय पोलिसांसमोरचा कबुलीजबाब साध्या खटल्यात पुरावा म्हणून चालत नाही. इंग्रजांनी १८७२ च्या पुरावा कायद्यातच तसं लिहून ठेवलं होतं, त्यांनाही आपल्या ठाणेदारांची खात्री नसावी. तेव्हा वळ न उठवता पोटातलं बाहेर काढणारं काहीतरी हवंच होतं. विज्ञानाच्या नावानं आलं तर उत्तमच.

आधी आलं इंजेक्शन. टेक्सासचे डॉक्टर रॉबर्ट हाउस यांनी १९२२ मध्ये स्कोपोलामाइन टोचून कैद्यांची चौकशी केली होती, तेव्हापासून 'सत्य वदवणारं औषध' ही कल्पना जगभर फिरत होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९६३ मध्येच अशा औषधाच्या अमलाखाली मिळालेला कबुलीजबाब झिडकारला. आपल्याकडे ती चाळीस वर्षं उशिरा, पण दणक्यात आली. २००२ च्या गोध्रा प्रकरणात नार्को चाचणी झाली, आणि २००३ च्या अखेरीस बनावट मुद्रांक घोटाळ्यातल्या अब्दुल करीम तेलगीची बेंगळुरूत. त्या चाचणीची चित्रफीत २००६ मध्ये टीव्हीवर आली तेव्हा सगळ्या महाराष्ट्रानं ती पाहिली. पलंगावर आडवा माणूस, जड जीभ, बाजूनं गालावर चापट्या मारत प्रश्न विचारणारा आवाज आणि उत्तरांत मोठ्या नेत्यांची नावं. दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये चर्चा झाली ती नावांची. हातात सलाईन लावलेल्या माणसाकडे कुणाचं लक्ष गेलं असेल असं वाटत नाही. माझंही गेलं नव्हतं.

सलाईनमध्ये काय असतं, ते पाहण्यासारखं आहे. सोडियम पेंटोथाल हे भुलीचं औषध. नार्कोची रूढ पद्धत अशी, की ३ ग्रॅम औषध ३००० मिलिलिटर पाण्यात विरघळवायचं आणि डेक्स्ट्रोजबरोबर सुमारे तीन तास थेंबाथेंबानं शिरेतून सोडायचं. माणूस पुरता बेशुद्ध होत नाही आणि शुद्धीतही राहत नाही, अशा काठावर त्याला झुलवत ठेवायचं. डोस थोडा जास्त झाला तर श्वास थांबू शकतो. म्हणून शेजारी भूलतज्ज्ञ हवाच. हा भूलतज्ज्ञ कुठून येणार? सरकारी रुग्णालयातून. ऑपरेशनच्या टेबलावर ज्याच्या हाती आपण डोळे मिटून जीव सोपवतो, तोच डॉक्टर. फरक एवढाच, की इथे टेबलावरचा माणूस त्याचा रुग्ण नाही. त्याला काही झालेलं नाही, त्याला बरं करायचं नाही, आणि औषधाचा गुण आला तर फायदा तिसऱ्याच कुणाचा.

या प्रश्नावर ज्यांनी आधी आवाज उठवला त्यांच्यातले काहीजण कलिन्यापासून हाकेच्या अंतरावर काम केलेले. वाकोल्यात 'सेहत' ही आरोग्यविषयक संशोधन करणारी संस्था आहे. तिच्या संस्थापकांपैकी एक डॉ. अमर जेसानी. त्याआधी १९९२ मध्ये मुंबईतल्या काही डॉक्टरांनी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची निवडणूक लढवली होती. धंद्यातला कट, नको असलेल्या तपासण्या, औषधकंपन्यांच्या भेटी यांविरुद्ध बोलू असं म्हणत उभे राहिले आणि साफ पडले. पडल्यावर त्यांनी १९९३ मध्ये वैद्यकीय नीतीवर छोटंसं नियतकालिक काढलं. केईएमचे न्यूरोसर्जन डॉ. सुनील पंड्या सुरुवातीच्या काळात त्याचं संपादन पाहत. तेच पुढे 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' झालं. त्यात २००६ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये जेसानींनी नार्कोवर लिहिलं. रोख यंत्रावर किंवा पोलिसांवर नव्हता, स्वतःच्या व्यवसायावर होता: सुई डॉक्टरच टोचतो आहे, आणि बाकीचे डॉक्टर गप्प आहेत. जागतिक वैद्यकीय संघटनेची १९७५ ची टोकियो घोषणा डॉक्टरला छळात कुठल्याही प्रकारे सहभागी व्हायला मनाई करते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांतही ते लिहिलेलं आहे. पण नार्को हा छळ आहे असं मानायला व्यवसाय तयार नव्हता. वळ दिसत नव्हते ना. तामिळनाडूच्या न्यायसहायक प्रयोगशाळेचे माजी संचालक पी. चंद्रशेखरन तर याला सरळ थर्ड डिग्रीच म्हणत, मनावरची. आणि ते काही बाहेरचे टीकाकार नव्हते, हयात त्यांनी अशाच प्रयोगशाळेत काढली होती.

कोर्टात मात्र वारं दुसरीकडे होतं. मुद्रांक घोटाळ्यातल्या एका आरोपीनं या चाचण्यांना विरोध केला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयानं मार्च २००४ मध्ये चाचण्यांच्या बाजूनं निकाल दिला. कारण समजून घेण्यासाठी १९६१ मध्ये जावं लागतं. घटनेच्या विसाव्या कलमाचा तिसरा भाग सांगतो, की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायची सक्ती करता येणार नाही. मग बोटांचे ठसे घेणं सक्ती झाली का? 'मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी सांगितलं, नाही. ठसा, हस्ताक्षराचा नमुना ही साक्ष नव्हे, ती शरीरावरची खूण आहे, माणसाला काय ठाऊक आहे याच्याशी तिचा संबंध नाही. त्रेचाळीस वर्षांनी उच्च न्यायालयानं मेंदूची लहरही याच खात्यात टाकली. लहरीवरून कळलंच तर एवढं कळेल, की याच्याकडे काही माहिती आहे. ती काय आहे हे काही लहर सांगत नाही. म्हणजे हे 'निवेदन' नव्हे. आणि नार्कोत आरोपी बोलतो त्याचं काय करायचं, ते पुरावा म्हणून पुढे येईल तेव्हा बघू.

कायद्याचा कीस काढणाऱ्यांना यात तर्क दिसेल. मला मात्र घाटकोपरची ती टेक्निशियन आठवते. अंगठा शाईत बुडवताना आपण काही आठवत नसतो. कुणी कानात 'मी त्याला विष दिलं' असं म्हणालं, तर आठवायचं नाही असं ठरवता येतं का?

२००६ च्या ११ जुलैला संध्याकाळी पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. खार, वांद्रे, जोगेश्वरी, माहीम, माटुंगा, बोरिवली, मीरा रोड. सगळे पहिल्या वर्गाच्या डब्यांत, सगळे घरी परतणाऱ्यांच्या गर्दीत. १८० हून अधिक माणसं गेली. उपनगरांतल्या बहुतेक इमारतींत कुणी ना कुणी त्या गाड्यांपैकी एखादीत होतं, किंवा चुकून नव्हतं. अशा वेळी आरोपीच्या हक्कांबद्दल बोलणाऱ्याला ऐकून घेण्याची कुणाची मनःस्थिती नसते, आणि ते समजण्यासारखं आहे. अटकेतल्या लोकांना बेंगळुरूला नेऊन नार्को, ब्रेन मॅपिंग वगैरे झालं, तेव्हा बातम्यांचा सूर 'आता सगळं बाहेर येईल' असा होता. बाहेर काय आलं ते पुढे उलगडत गेलं. २०१५ मध्ये विशेष मोक्का न्यायालयानं बारा जणांना दोषी ठरवलं, त्यांतल्या पाच जणांना फाशी सुनावली. तेरावे आरोपी, शिक्षक अब्दुल वाहिद शेख, नऊ वर्षं तुरुंगात काढून निर्दोष सुटले. त्यांनी 'बेगुनाह कैदी' हे पुस्तक लिहिलं आणि कोठडीत काय झालं, या चाचण्यांत काय झालं, ते स्वतःच्या बाजूनं मांडलं. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं बाराही जणांना निर्दोष ठरवलं, कबुलीजबाब छळ करून घेतलेले म्हणून नाकारले. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये. सुटलेल्यांना मात्र परत आत पाठवलं नाही. मग बॉम्ब ठेवले कुणी? ज्यांची माणसं गेली त्यांच्या हाती एकोणीस वर्षांनी हा प्रश्न जसाच्या तसा परत आला.

पण टोपीची गोष्ट कळसाला पोचली ती पुण्यात. जानेवारी २००७ मध्ये तिथे एमबीएच्या एका विद्यार्थ्याचा आर्सेनिकच्या विषबाधेनं मृत्यू झाला. संशय त्याच्या आधीच्या वाग्दत्त वधूवर आणि ती नंतर ज्याच्याबरोबर गेली त्या तरुणावर. आरोप असा, की तिनं त्याला भेटायला बोलावलं आणि प्रसादातून विष दिलं. तिला मुंबईत आणलं, बत्तीस इलेक्ट्रोडची टोपी डोक्यावर चढली. तिनं चाचणीला होकार दिला होता, आपण निर्दोष आहोत असं ती सांगत होती. विष घेणं, भेटायला बोलावणं, देणं, यांचा तिला 'अनुभव' आहे असा अहवाल आला. १२ जून २००८ रोजी पुण्याच्या सत्र न्यायालयानं दोघांना जन्मठेप दिली. निकाल एकट्या चाचणीवर उभा नव्हता, परिस्थितिजन्य पुरावा होता. पण न्यायालयानं अहवालाला मान दिला, आणि मेंदूच्या लहरींवरून 'अनुभव' सिद्ध झाल्याचं मान्य करून खुनासाठी शिक्षा, ही बातमी जगभर गेली. तोवर सुमारे ७५ संशयित आणि साक्षीदार या टोपीखालून गेले होते.

सप्टेंबर २००८ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'नं ही हकीकत छापली, आणि परदेशातले मेंदूशास्त्रज्ञ चक्रावले. कारण साधं होतं. एखादी पद्धत बिनचूक आहे असं म्हणायचं तर ती कशी चालते ते उघड करायला हवं, दुसऱ्यांनी स्वतंत्रपणे करून पाहायला हवं, किती वेळा चुकते ते मोजायला हवं. हे झालेलंच नव्हतं. त्याच सुमारास आपल्याच देशातली एक समितीही या निष्कर्षाला आली होती. 'निम्हान्स'चे संचालक डॉ. डी. नागराज यांच्या अध्यक्षतेखाली सहा जणांनी या पद्धतींची तपासणी केली आणि सांगितलं, की याला शास्त्रीय आधार नाही, तपासात वापर थांबवावा. ज्या संस्थेच्या अंगणात ही कल्पना वाढली, त्याच संस्थेच्या संचालकांचा हा अभिप्राय. टोपी घालणं या वाक्प्रचाराचा मराठीत एक दुसरा अर्थ आहे, तो इथे न आठवला तरच नवल.

शास्त्रज्ञांच्या आक्षेपांपैकी मला सगळ्यांत कळीचा वाटतो तो आक्षेप समजायला मेंदूशास्त्र लागतच नाही. आरोपी टोपी घालायला येतो तो कोऱ्या मनानं येत नाही. कित्येक दिवस, कधी कित्येक महिने त्याला तीच कहाणी ऐकवली गेलेली असते. तू दुकानात गेलीस. तू विष घेतलंस. तू त्याला बोलावलंस. त्यानं ती रात्री कोठडीत डोळ्यांपुढे आणलेली असते, आपल्यावर काय बालंट आलंय ते समजून घेण्यासाठी, वकिलाला सांगण्यासाठी, वेड लागू नये म्हणून. निरपराध माणूस तर ती जास्तच वेळा आणेल. मग कलिन्याच्या खोलीत तेच वाक्य 'मी' लावून कानावर पडतं. त्या क्षणी उठलेली लहर विष दिल्याची आहे, की विष दिल्याचा आरोप सहा महिने सोसल्याची? वाक्यं लिहिली पोलिसांच्या कहाणीवरून, आणि 'मी' मात्र आरोपीचा.

पुढे उच्च न्यायालयानं पुण्याच्या खटल्यातल्या दोघांची शिक्षा स्थगित करून त्यांना जामीन दिला.

सर्वोच्च न्यायालयापुढे या चाचण्यांविरुद्धच्या याचिका २००४ पासून होत्या. त्यांतली पहिली सेल्वी नावाच्या बाईची, म्हणून निकालालाही तेच नाव मिळालं. ५ मे २०१० रोजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन, न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन आणि न्यायमूर्ती जे. एम. पांचाळ यांनी सांगितलं: नार्को, लाय डिटेक्टर, ब्रेन मॅपिंग, यांपैकी काहीही कुणावर सक्तीनं करता येणार नाही. अंगठ्याचा ठसा आणि मेंदूची लहर एका खात्यातली नाहीत, कारण लहरीतून माणसाला काय ठाऊक आहे तेच काढून घेतलं जातं. तोंड उघडलं नाही म्हणून ती साक्ष होत नाही, असं नाही. बोलायचं की गप्प बसायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. यंत्र तोंडाला वळसा घालून आत शिरलं तर ते ठरवणंच उरत नाही. थर्ड डिग्रीपेक्षा हे बरं, हा सरकारी युक्तिवादही न्यायालयानं ऐकला आणि बाजूला ठेवला. एक वाईट सवय सुटावी म्हणून दुसरी लावून घ्या, असं न्यायालयानं का म्हणावं?

एक दार मात्र उघडं राहिलं. आरोपी स्वतःहून तयार असेल तर चाचणी करता येईल. लाय डिटेक्टरसाठी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २००० मध्ये घालून दिलेली शिस्त इथेही पाळायची: संमती दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवायची, वकील भेटू द्यायचा, चाचणी पोलिसांनी नव्हे तर स्वतंत्र संस्थेनं करायची. तरीही चाचणीचा निकाल पुरावा म्हणून चालणार नाही. त्यातून सुगावा लागून काही वस्तू हाती लागली, तर ती चालेल.

याच दारातून गेली पंधरा वर्षं वाहतूक चालू आहे. २०२२ च्या अखेरीस वसईच्या तरुणीच्या दिल्लीतल्या हत्येच्या प्रकरणात आरोपीची संमती नोंदवून लाय डिटेक्टर आणि नार्को झाल्या, आणि वाहिन्यांनी रुग्णालयाच्या फाटकातून त्याचं धावतं वर्णन केलं. बिहारमधल्या एका खटल्यात पोलिसांनी सगळ्या आरोपींची नार्को करू असं म्हटलं, ते उच्च न्यायालयानं मानलंही. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं. न्यायमूर्ती संजय करोल आणि न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांनी 'सेल्वी'ची उजळणी केली आणि आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: आरोपीनं स्वतः मागितली म्हणून त्याला नार्को मिळालीच पाहिजे, असाही हक्क नाही. आरोपी स्वतःहून मागतात? मागतात. एकदाची टोपी घाला, सुई टोचा, पण मी खरं बोलतोय हे कुणीतरी लिहून द्या.

उपचाराच्या क्षेत्रात कायदा दरम्यान बराच कडक झाला, हेही नोंदवायला हवं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार मनोविकारासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया करायची तर रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती पुरत नाही, मंडळाची परवानगीही लागते. रुग्ण राजी, घरचे राजी, सर्जन मुंबईतला नामांकित, तरीही. मेंदूत इलेक्ट्रोड बसवून नैराश्यावर उपचार करून घ्यायला आलेल्या माणसाला मंडळापुढे जावं लागतं, आणि ते मला योग्य वाटतं. परदेशात गोष्टी आणखी पुढे गेल्या आहेत. चिली देशानं २०२१ मध्ये राज्यघटनेतच मेंदूतल्या माहितीला संरक्षण दिलं, आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं डोक्यावर लावायचं हेडसेट विकणाऱ्या कंपनीला एका ग्राहकाच्या मेंदूच्या नोंदी पुसून टाकायला लावल्या. २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेत 'न्यूरालिंक'नं पहिल्यांदा माणसाच्या मेंदूत चकती बसवली. ज्याला मानेखाली हालचाल नाही, त्याला नुसत्या विचारानं पडद्यावरचा बाण हलवता येणं ही थोर गोष्ट आहे. तो बाण हलवताना तो मनातल्या मनात जे म्हणत असेल, ते कुणाच्या संगणकात साठतं, हा मात्र कलिन्याचाच प्रश्न आहे, नव्या कपड्यांतला.

आपल्याकडे हा प्रश्न अजून दंडाधिकाऱ्याच्या कोर्टात, जुन्याच कपड्यांत येतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, कुर्ला, कुठलंही घ्या. दुपारचं सत्र, पंखा गरगरतोय, बाकांवर वकिलांची फायली चाळत कुजबुज. पुकारा होतो. बनियनवर शर्ट अडकवलेला एक माणूस पुढे येतो, त्याचं मनगट हवालदाराच्या हातात. पोलिसांचा अर्ज आहे, आरोपीची संमती नोंदवायची आहे. साहेब कागदावरून नजर वर घेतात आणि विचारतात, चाचणी म्हणजे काय ते कळलं का, कुणी जबरदस्ती केली का, धमकी, आमिष? हवालदारानं मनगट सोडलेलं असतं, पण तो दोन पावलांवरच उभा असतो, आणि संध्याकाळी त्याच गाडीतून परत जायचं असतं. माणूस आधी त्याच्याकडे बघतो. मग साहेबांकडे बघून म्हणतो, "नाही साहेब, माझी तयारी आहे." कारकून ते वाक्य टाइप करतो, कागद फिरवून पुढे सरकवतो आणि तळाशी बोट ठेवतो. इथे सही.